बीडाचं सिलिंडर

यंदा गणपतीच्या आराशीत मी माझं वाफेचं इंजिन ठेवलं होतं. वाफेचं म्हणायचं एवढंच, चालत होतं ते हवेवर. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा छोटा कॉम्प्रेसर पाच दिवसांसाठी मागून आणला, न्हाणीघरामागे ठेवला आणि नळी खिडकीतून आत घेतली. मूर्तीच्या डाव्या अंगाला पाटावर इंजिन, त्याच्या चाकावरून दोऱ्याचा पट्टा, पट्ट्याला पुठ्ठ्याची विहीर आणि वरखाली होणारा एवढासा पोहरा. बेळगावात हलत्या देखाव्याचं कुणाला नवल नाही. गल्लोगल्ली वायपरच्या मोटरीवर राक्षस माना हलवत असतात. पण हे टकटक करणारं काळं-पितळी जनावर बघायला बसलेली पोरं काही उठेनात. शेजारची सातवीतली मुलगी तर आरती संपल्यावरही मांडी घालून बसून राहिली. हवा कुठून येते, सिलिंडर असं डुलतं कशाला, चाक एवढं जड का, सगळं विचारून झालं आणि मग म्हणाली, “काका, हे सगळं तुमीच केलासा?”

“व्हय,” म्हणालो.

बायको पंचखाद्य वाटत होती. तिचा हात क्षणभर वाटीतच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. पुढच्या पोराच्या तळहातावर चिमूट ठेवली आणि सरकली. विसर्जन झालं, कॉम्प्रेसर परत गेला, इंजिन कपाटावर गेलं. ते ‘व्हय’ मात्र दाढेत सुपारीचं खांड अडकावं तसं राहिलं. जीभ फिरूनफिरून तिथंच जाते.

कारण सिलिंडर मी केलेलं नव्हतं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, ऑफिसात मी २७ वर्षं हिशेब लिहिला. कास्टिंग किती किलोचं, त्यातलं रिजेक्शन किती, वाळूचा ट्रक कधी आला, हे सगळं तोंडपाठ. पण ओतलेल्या कास्टिंगला कधी हात लावला असेल तर तो पेपरवेट म्हणून. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून मशीनशॉप दिसायचं. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, उभा असलेला माणूस कामात असतो तेव्हा त्याची पाठसुद्धा ऐकत असल्यासारखी वाटते, हे मी त्या खिडकीतून पाहिलेलं. हेवा वाटायचा. आणि त्याच्याही आधीचं एक आहे. लहानपणी टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर आम्ही पोरं मिरज-लोंढा गाडीची वाट बघत उभी राहायचो. तेव्हा मीटरगेज होतं. इंजिन जवळ आलं की आधी तळपायाला कळायचं, मग पोटाला, मग कानाला. तेल, कोळसा आणि ओल्या लोखंडाचा एक गरम वास गेट उघडल्यावरही हवेत राहायचा. रिटायर झाल्यावर काय करणार, असं लोक विचारायचे तेव्हा मी “बघू की” म्हणायचो. पण मला तो वास परत हवा होता.

संगणकावर चालणारी सीएनसी मशीन आणणाऱ्या शॉपवाल्यानं जुना लेथ भंगारात काढला, तो मी घेतला. बटाला बनावटीचा, साडेचार फुटी. टेम्पोतून उतरवून पाइपांवर ढकलत मागच्या खोलीपर्यंत आणायला पाच माणसं आणि अख्खी सकाळ लागली. उंबरा काढावा लागला, तो अजून बसवलेला नाही. शहाबादी फरशीवर लेथ उभा केला, पुसला, उदबत्ती ओवाळली आणि त्याच दिवशी संध्याकाळी लोखंडाचा गज लावून चालू केला. चिप्स उडाल्या, निळ्या झाल्या, मी खूश. तो गज मोजला तर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. गाजरासारखा.

तेव्हा पहिल्यांदा एका टर्नरला, म्हणजे लेथवरच्या कारागिराला, घरी बोलावलं. हा आमच्या फौंड्रीतला नव्हे. उद्यमबागेतच एका बोळात जॉबवर्कचं शॉप आहे, तिथला. बैलहोंगलकडचा माणूस, मराठी बोलतो ती कानडीच्या ठेक्यात. आला, चप्पल बाहेर काढून लेथच्या खोलीत शिरला, जसं कुणी देवघरात शिरावं. मशीनला हात न लावता आधी खाली वाकून पायाखाली बघितलं. “लेव्हल केलासा?” म्हणाला. मी अभिमानानं गवंड्याची लेव्हल दाखवली. तो हसला नाही, ते त्याचे उपकार. दुसऱ्या दिवशी कापडात गुंडाळून मास्टर लेव्हल घेऊन आला. मीटरला ०.०२ मिलिमीटर एवढा फरक दाखवणारी. कापायचं टूल ज्यावर सरकतं त्या बेडवर ती आडवी ठेवली, आधी गज धरणाऱ्या चकाजवळ, मग दुसऱ्या बाजूच्या टेलस्टॉकच्या टोकाला. बुडबुडा दोन्ही ठिकाणी वेगळा बसला. म्हणजे लेथ कललेला असता तरी एक वेळ चाललं असतं. तो पिळलेला होता. बेड पिळला की टूल सरळ रेषेत चालतच नाही, गज गाजर होणार नाहीतर काय होणार? कोपऱ्यातल्या एका पायाखाली डब्याच्या पत्र्याची पट्टी सरकवायची, बोल्ट आवळायचा, बघायचं, परत सैल करायचा. दोन तास. मग २५ मिलिमीटरचा गज चकात धरून १५० मिलिमीटर बाहेर काढला, मधला भाग बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर ठेवल्या, टेलस्टॉकचा आधार न घेता एकाच टूलनं, एकाच सेटिंगवर, दोन्ही कॉलरवरून नखाएवढा कट घेतला आणि मायक्रोमीटरनं मोजलं. लेव्हल काय सांगते त्यापेक्षा या दोन कॉलर काय सांगतात ते खरं. घरी लेथ आणणाऱ्या कुणालाही मी आता आधी हेच सांगतो, आणि कुणीही ऐकत नाही. मीही ऐकलं नसतं.

जाताजाता त्यानं आणखी एक दाखवलं, ते मी रोज करतो. टूलचं टोक कामाच्या बरोबर मध्यावर आहे का, हे बघायला खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढली. गज आणि टूलचं टोक यांच्यात ती उभी धरून हलकेच दाबली. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला. पट्टीचं डोकं आपल्याकडं झुकलं तर टूल खाली, पलीकडं झुकलं तर टूल वर. बस्स. मी त्यासाठी पुस्तकं चाळत बसलो होतो.

किर्लोस्कर रोडवरून जाताना मला हल्ली उगीच हसू येतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट बेळगावच्या पोराला शाळेतच पाठ होते: गुर्लहोसूरचा जन्म, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून सुटलेली चित्रकला, सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढेल म्हणून बिचकणारे शेतकरी, १९१० साली कुंडलच्या माळावर हललेला कारखाना. ऐकताना सगळं एकापुढं एक सुरळीत घडल्यासारखं वाटतं. मला एवढंच वाटतं की त्या नांगराच्या आधी किती फाळ बिघडले असतील आणि ते कुठल्या कोपऱ्यात टाकले असतील. माझा कोपरा मला माहीत आहे. शिवणाच्या मशीनचा जुना ड्रॉवर आहे. त्यात तीन सिलिंडरं आहेत.

इंजिन साधंच निवडलं होतं, डुलत्या सिलिंडरचं. यात वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर स्वतःच पिनेवर डुलतं आणि डुलताडुलता त्याच्या पाठीवरचं भोक एकदा आत येणाऱ्या हवेच्या भोकावर जातं, एकदा बाहेर सोडणाऱ्या भोकावर. बोअर, म्हणजे आतला व्यास, २० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, २५. सागवानाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना, मी स्वतः केला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं, ते एवढ्याशा वस्तूत अर्धा मिलिमीटरही भरत नाही. पण मशीनिंगसाठी सगळीकडून तीन मिलिमीटर जादा ठेवलं आणि पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार दिला. आमच्या फौंड्रीतल्या साचे करणाऱ्या जुन्या मोल्डरनं एका मोठ्या बॉक्सच्या कोपऱ्यात माझे चार नग ओतून दिले. “अकौंटंट सायबांचा माल रिजेक्ट करायचा नाही,” असं म्हणून सगळे हसले.

पहिलं बिघडलं ते सालीपायी. ओतलेल्या बिडाला वरून एक कडक साल असते, तिच्यात वाळूचे कण रुतलेले असतात. मी घाबरत घाबरत केसाएवढा कट घेतला. टूल सालीवरच घासत राहिलं, किंचाळलं आणि टोक गेलं. परत धार लावली, परत गेलं. अशा वेळी धीर करून पहिलाच कट सालीच्या खाली जाईल एवढा खोल घ्यायचा असतो. आतलं बीड लोण्यासारखं निघतं. हे कळेपर्यंत मी चिडून नको तिथं नको तेवढं कापून बसलो होतो. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, वेळी वेगाचं शहाणपण आलं. हायस्पीड स्टीलच्या टूलनं बीड मिनिटाला २० मीटरच्या आसपास कापायचं, आणि फेरे काढायला ३१८ ला त्या २० नं गुणून व्यासानं भागायचं. २० मिलिमीटरच्या कामाला ३१८ फेरे येतात. दीडशे मिलिमीटरच्या फ्लायव्हीलला येतात जेमतेम ४२. वेग कमी करणारा बॅकगिअर टाकून चक एवढं सावकाश फिरायला लागलं की नवख्याला वाटतं मशीन आजारी आहे.

बीड कोरडंच कापतात, तेल-पाणी नाही. त्याची चिप येत नाही, काळी पूड येते, ग्राफाइट मिसळलेली. बोटं पाटीवरच्या पेन्सिलीनं रंगावीत तशी होतात, नाक शिंकरलं की रुमाल काळा. ही पूड बेडवरच्या तेलात मिसळली की तिचा पॉलिशपेपरच होतो, म्हणून बेडवर वर्तमानपत्र अंथरायचं. कापड कधीच नाही. कापड चकात गेलं की मागोमाग हात जातो. हातमोज्यांचंही तेच. चकची चावी चकात राहू देऊ नये हे सांगायला नको म्हणा, पण खिडकीच्या काचेतलं एक भोक मी मुद्दाम बुजवलेलं नाही.

दुसरं आणि तिसरं सिलिंडर बोअर करताना, म्हणजे आतून कापताना, गेलं. आतून गुळगुळीत दिसायचं. पितळी पिस्टन एका बाजूनं सुर्रकन आत जायचा आणि मध्यावर गेला की अडायचा. दोन्ही वेळा तस्संच. मी पिस्टन घासत बसलो, मग एका बाजूनं हवा निसटायला लागली. शेवटी चौथं कास्टिंग आणि तिसरं बिघडलेलं, दोन्ही पिशवीत घालून उद्यमबागेतल्या त्या बोळात गेलो.

तिथला वास सांगतो. सोल्युबल तेल मिसळलेलं दुधाळ पाणी, जळकं कटिंग ऑइल, बाहेर पावसात भिजलेलं भंगार आणि कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी. त्यानं बिघडलेलं सिलिंडर घेतलं, पुसलं आणि आत करंगळी घातली. डोळे मिटून करंगळी फिरवत फिरवत पार तळापर्यंत नेली. “तोंड मोठं, पोट बारीक,” म्हणाला. मग माझा बोअरिंग बार, म्हणजे आतून कापायचं टूल धरणारा दांडा, मागितला. आठ मिलिमीटरचा, टूलपोस्टच्या बाहेर चांगला सत्तर मिलिमीटर काढलेला. त्यानं तो दोन बोटांत धरून शेजारच्या पोराला दाखवला. “सायेब, ही अगरबत्ती कशाला लावलासा?”

बार जेवढा बाहेर, तेवढा तो वाकतो हे मला माहीत होतं. पण लांबी दुप्पट केली की वाकणं दुप्पट होत नाही, आठपट होतं, हा हिशेब हिशेबनीस असून मी कधी मांडला नव्हता. त्यानं भोकात मावेल तेवढा जाड बार घेतला, कामापुरताच बाहेर काढला. चौथं कास्टिंग चार जबड्यांच्या फोर-जॉ चकात धरलं, ते मध्यावर फिरतं का बघायला सुईची डायल लावली. समोरासमोरचे दोन जॉ, मग दुसरे दोन. एक सैल, दुसरा घट्ट. डायलची सुई आधी नाचली, मग डुलली, मग श्वास घेतल्यासारखी जेमतेम हलत राहिली. ड्रिल, मग बोअरिंग. शेवटचा कट घेऊन झाल्यावर मला वाटलं झालं. त्यानं टूल बाहेर काढलं आणि कटच्या डायलला हात न लावता, तेवढ्याच सेटिंगवर, परत आत सोडलं. नव्यानं कट दिलेला नसताना आतून बारीक पूड पडली. “बगा,” म्हणाला, “वाकलेला बार सरळ व्हालाय.” तिसऱ्यांदा सोडलं. पूड नावाला. चौथ्यांदा नुसता आवाज, कुजबुजल्यासारखा. मान एका बाजूला करून तो ऐकत होता. तीच पाठ, मी २७ वर्षं खिडकीतून पाहिलेली.

“साकु,” म्हणाला, कानडीत पुरे, आणि मशीन बंद केलं.

सगळं मिळून पाऊण तास लागला असेल. पैसे घेतले नाहीत, “चहा सांगा” म्हणाला. सिलिंडर परत देताना कागदात गुंडाळलं नाही; तेलाचा बोळा आतून फिरवला आणि माझ्या हातात ठेवलं. ते अजून कोमट होतं.

बाकीचं इंजिन खरंच माझं आहे. पोर्टफेसच्या, म्हणजे सिलिंडर ज्याला चिकटून डुलतं त्या पट्टीच्या, पितळेत भोकं पाडताना ड्रिल कचकन आत ओढलं जाऊन दोन पट्ट्या फाटल्या, तेव्हा ड्रिलची धार ऑइलस्टोनवर मुद्दाम किंचित बोथट करायला मी शिकलो. पितळेला हपापलेली धार चालत नाही. एम-फाइव्हचे, म्हणजे पाच मिलिमीटरच्या स्क्रूचे, आटे पाडायला ४.२ चं ड्रिल, हे भिंतीवर खडूनं लिहिलंय. पावसाळ्यात इथली हवा चार महिने ओल्या टॉवेलासारखी असते. रात्री जॉबला हात लागला की सकाळी त्यावर आपल्याच बोटांचे ठसे तांबूस उमटलेले. म्हणून हत्यारांच्या कपाटात दिवसरात्र एक पंधरा वॅटचा बल्ब जळतो आणि कापराची वडी असते. बायको म्हणते, देवघरापेक्षा तिथं जास्त कापूर लागतो. बॉयलरच्या वाटेला मी गेलो नाही, जाणारही नाही. तांब्याचा बॉयलर चांदीच्या डाकानं जोडायचा, चालवायच्या दाबाच्या दुपटीनं पाणी भरून तपासायचा, पाणीच, हवा नाही, कारण फुटलं तर पाणी सांडतं आणि हवा माणूस मारते. एवढं सगळं करायला माझा स्वतःवर तेवढा भरवसा नाही.

म्हणजे शंभरातले नव्वद भाग माझे. मग त्या ‘व्हय’मध्ये खोटं किती, दहा टक्के? मी बराच काळ असा हिशेब करत राहिलो. गज दुकानातला, टूल दुकानातलं, बीड मोल्डरनं ओतलेलं. त्यातलं काहीच मी केलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. इथं चार बोळ सोडून जगातलं उत्तम काम करणारे हात आहेत, हायड्रॉलिकचे सिलिंडर याच गावात बनतात, हत्तरगीला विमानांचे भाग होतात; मग सगळं मीच केलं म्हणायचा हट्ट तरी कशाला? हेही स्वतःला सांगून झालं. पटलं नाही. कारण मला तिथं लपवायचं सिलिंडर नव्हतं, अगरबत्ती होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती मुलगी परत आली. शाळेत विज्ञान प्रदर्शन, तिला फिरणारं काहीतरी करायचं होतं. मी स्क्रू शोधायला ड्रॉवर उघडला आणि तिला ती तीन सिलिंडरं दिसली. हातात घेतली, वजन करून बघितली. मी काही न बोलता जुना पिस्टन तिच्याकडं दिला. तिनं तो घातला. सुर्रकन गेला, अडला. बाहेर काढून दुसऱ्या बाजूनं घालायला गेली तर शिरेचना. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं आत बोट घातलं. करंगळी नव्हे, तर्जनी. तिची तर्जनी आत मावत होती. बराच वेळ फिरवली.

“इथं बारीक झालंय काका.”

“व्हय. ते मी केलेलं.”

“मग चांगलं कुणी केलं?”

सांगितलं. बोळ कुठला, तेही सांगितलं. अगरबत्तीचं सांगितल्यावर ती एवढी हसली की बायको स्वयंपाकघरातून डोकावली. हसणं थांबल्यावर म्हणाली, “त्यांनी हे चालताना बघितलंय?”

नव्हतं बघितलं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खंडेनवमीला उद्यमबागेत प्रत्येक मशीनला झेंडूची माळ असते, कामं बंद, सगळ्यांच्या कपाळाला कुंकू. मी इंजिन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून नेलं. त्याच्या शॉपचा कॉम्प्रेसर होताच. वर्कबेंचवर माळा बाजूला सारून इंजिन ठेवलं, नळी लावली, चाकाला बोटानं एक झोका दिला. टकटक सुरू झालं. शेजारच्या शॉपची दोन माणसं येऊन उभी राहिली. तो वाकला, सिलिंडरकडं बघितलंही नाही. मान एका बाजूला करून ऐकत राहिला. मग चाकावर अंगठा ठेवून इंजिन थांबवलं, सावकाश हातानं एक फेरा फिरवला, आणि एका ठिकाणी थबकला.

“इथं ठोका येतोय. क्रँकपिन तिरकी बसलीया.” पिस्टनला चाकाशी जोडणाऱ्या त्या पिनेच्या बुडाशी नख लावून त्यानं दाखवलं. “भोक लेथवर न्हाई पाडलं हे, हातड्रिलनं पाडलंय. कुणी केलं?”

“मी,” म्हणालो.